चालू गाडी

साहेब, तुम्ही ड्रायव्हरमामांचं ऐकलं नाहीत, वर त्यांची टर उडवलीत.

मामा हात जोडून सांगत होते, “आगीचा हा जुना डिझेल बंब कधी पहिल्या सेल्फला उठतो, कधी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली तरी ढिम्म. सुरू होणार नाही तेव्हाच दोष सापडेल. थोडे दिवस गॅरेजात ठेवू, तोवर दुसरा मागवा.”

तुम्ही किल्ली फिरवलीत. इंजिन लगेच धडधडलं.

“चालू गाडी कसली दुरुस्त करता, मामा? आराम हवाय तर सरळ सांगा की!”

सगळं ऑफिस हसलं.

परवा मामांच्याच लेकीचं घर पेटलं. मामा सेल्फ मारत राहिले. बंब उठलाच नाही. लेक गेली.

आज चौकशीत तुम्ही किल्ली फिरवलीत आणि बंब झटक्यात सुरू झाला.



मामांनी विचारलं, “साहेब, आता कुठे नेऊ?”