आडवी बाटली

दहाव्याचा विधी उरकून माणसे गेली, तरी कौतिका आणि सुलभाताई ओट्यावर बसून होत्या.

गेल्या वर्षी याच दोघींनी दारोदार फिरून मतदान घडवले होते. बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारले आणि गल्लीतले दारूचे दुकान उठले. नगरपंचायतीने त्याला हद्दीच्या टोकाला, हमरस्त्यापलीकडे जागा दिली. तोच रस्ता ओलांडताना कौतिकाचा नवरा ट्रकखाली गेला.

सुलभाताईंनी पिशवीतून अर्ज काढला. "दुकान आणखी लांब न्यायचंय. पहिली सही तुझी हवी."

"दुकान गल्लीत होतं, तेव्हा माझा माणूस भिंत धरून घरी यायचा," कौतिका म्हणाली. "शिव्या द्यायचा, कधी हातही उगारायचा. पण यायचा, ताई. बाटली आडवी करायला मीच रांगेत पहिली होते. त्यापायी हाच आडवा होईल, हे कुठं ठाऊक होतं?"

सुलभाताईंनी अर्जाची घडी घातली. "आपलं चुकलं का गं?" त्यांनी अगदी हळू विचारले.

कौतिका उठली आणि दोरीवरचे कपडे काढायला परसात निघून गेली.