मुठीचं मडकं

बाज्याने मडकं पोत्यात उपडं केलं आणि वेदीपुढे राखेचा लहानसा ढग उठला.

बायकांच्या बाजूला बसलेल्या पारुबाईचं गाणं तोंडातच राहिलं. नवऱ्याने चुकीचं मडकं आणलं होतं.

नाताळची गाणी म्हणायची म्हणून ती सकाळीच पुढे आली होती. निघताना त्याला बजावलं होतं, "कोपरामानं मडकं लई या." कोपऱ्यात मडकी होती दोन. एक मुठीचं. रोज रांधताना मूठभर ज्वारी देवाच्या नावाने त्यात टाकायची आणि नाताळात चर्चमध्ये द्यायची, हा इथल्या घरोघरचा नेम. दुसरं बियाण्याचं. कणीस न् कणीस निवडून, राख चोळून, तोंड शेणाने लिंपून तिने ते गेल्याच आठवड्यात ठेवलं होतं. लिंपण फोडतानाही बाज्याला शंका आली नाही, म्हणजे कमालच. पण ज्याने उभ्या जन्मात घरातल्या मडक्यात हात घातला नाही, त्याला दोष तरी काय द्यायचा? तिने तो मनातल्या मनात भरपूर दिला.

एरवी मुठीच्या ज्वारीचं सगळ्यांना जेवण व्हायचं. यंदा पाळकांनी सांगितलं होतं, जेवण नाही. दिवाळीनंतर डोंगरातला उंबरीपाडा जळाला होता, सतरा घरं, धान्याच्या कणग्यांसकट. सगळं तिकडे जाणार. तिथला रूपसिंग गाडी घेऊन आला होता आणि दाराशी उकिडवा बसून होता.

बाज्या उशिरा आल्यामुळे त्याचं मडकं शेवटचं. म्हणजे बियाणं अजून पोत्याच्या तोंडाशीच होतं. पण प्रार्थना झाली की दोघं जण पोतं उचलून आपटतील, धान्य खाली बसवतील आणि तोंड शिवतील. एकदा आपटलं की तिचं बियाणं साऱ्या गावाच्या ज्वारीत गेलं. मग मृगाला वावरात काय पेरायचं?

तिचा पाय आपोआप हलायला लागला.

"काय व्हयनं व माय? मुंग्या चावन्यात का?" शेजारच्या जसोदाबाईने कोपराने ढोसलं.

पाळक बोलत होते. "छपन्याच्या दुष्काळात प्रभूने आपल्याला कसं जगवलं, ते आठवा."

पारुबाईला चांगलंच आठवत होतं. तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि घरात रांधायला शेवटी बियाणंच उरलं होतं. तिच्या दातांत उगीचच काहीतरी कचकचलं. ती उठली. जसोदाबाईने पदर ओढला, तो सोडवून घेत ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि भर सकाळी, नव्या लुगड्यात, गावच्या रस्त्याने धावत सुटली. कुत्री मागे लागली. तिने वळूनही पाहिलं नाही.

मुठीचं मडकं कमरेवर घेऊन ती परतली तेव्हा शेवटची प्रार्थना संपत होती. दोघं जण पोत्याला हात घालत होते.

"थांबा!"

सगळ्या माना वळल्या. बाज्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या कमरेवरच्या मडक्याकडे, आणि मग तो जमिनीकडे पाहू लागला.

"हाई द्यावानं व्हतं," ती धापा टाकत म्हणाली. "ते चुकीसन वनं."

"पारुबाई," पाळक हळू आवाजात म्हणाले, "वेदीपुढे आलेलं देवाचं झालं. ते परत नेता येत नाही."

तेवढ्यात दाराशी बसलेला रूपसिंग उठून आला. त्याने पोत्यात हात घातला, दाणे तळव्यावर घेतले, हुंगले.

"हाई ते बियानं शे," तो म्हणाला. "कोनं शे?"

"मन्हं."

त्याने पाळकांकडे पाहिलं नाही. बाज्याच्या हातातलं रिकामं मडकं घेतलं, खाली बसला आणि ओंजळीने राख लागलेले दाणे त्यात भरायला लागला. पाळकांनी हातातलं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. तिने आणलेली ज्वारी पोत्यात गेली. रूपसिंगने भरलेलं मडकं तिच्यापुढे सरकवलं.

"एक मूठ ऱ्हाऊ दे, बहीन," तो म्हणाला. "आम्हनं बियानं बी जळी गयं."

त्याने पागोट्याचं टोक पसरलं. पारुबाईने एक मूठ टाकली. घरच्या नेमात तिची मूठ तशी आवळलेलीच असायची, तशीच ही. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने दुसरी टाकली, मग तिसरी. मडकं अर्ध्यावर येईपर्यंत ती टाकतच राहिली.

"पुरे आते," बाज्या कुजबुजला. "आपला वावरले काय?"

"मडकं तुमीच आनं ना? आते गप उभा ऱ्हा." तिने रूपसिंगकडे पाहिलं. "भाऊ, हाई पेरशी ना? रांधशी नहीं ना?"

रूपसिंगने पागोट्याच्या टोकातले दाणे बोटाने सारखे केले.

"घरमा पाच तोंडं शेतस," तो म्हणाला. "आज नाताळना दिन, खोटं कसं बोलू?"

पारुबाईचा हात मडक्यातच थांबला. बाज्याने मडक्याला हात लावला, परत घ्यायला. तिने तो बाजूला सारला, आणखी एक मूठ काढली आणि टोकात सोडली. मग स्वतःच त्या टोकाची गाठ मारली, घट्ट.

"रांधशी, ते चारदा धुई ले," ती म्हणाली. "राख दातमा कचकचस."