दोनशे चौदा फोटो

"फोटो एकही उघडाचा नाई, बाई," लटारूभाऊंनी तिसऱ्यांदा बजावलं.

"नाई उघडत, भाऊ. कसम," रुबीना म्हणाली आणि लॅपटॉप टेबलावर आपल्याकडे ओढला. त्याची एक बिजागरी ढिली झाली होती, तळाचे दोन स्क्रू गायब होते. तरी बाकीचं अंग धडधाकट होतं.

लटारूभाऊ मुलचेऱ्याकडून सकाळच्या पहिल्या बसनं चामोर्शीला तिच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले होते. लॅपटॉप त्यांच्या मुलानं, गोपालनं, आठ वर्षांपूर्वी कॉलेजसाठी घेतला होता. आता गोपाल गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात होता आणि लॅपटॉप बापाकडं.

"गोपाल म्हणते, यातलं विंडोज जुनं झालं, अपडेट येत नाई. फेकून द्या, मी मोबाईल घेऊन देतो. पण मले तं यातच पाहाची सवय हाय."

"फेकायची गरज नाई. नवीन विंडोज घेईल हे. फोटो जसेच्या तसे राहतील. पण आधी एक कॉपी काढावी लागते."

बाक करकरला. भाऊ उठून उभे राहिले होते.

"कॉपी? तुमच्यापाशी?"

"पेन ड्राइव्हवर. काम होईपर्यंत तो तुमच्याच खिशात राहील. नंतरही तुमचाच."

बाक पुन्हा करकरला. भाऊ म्हणाले, "करा."

रुबीनानं एका कानात ईयरफोन घातला, माउस बाजूला सारला आणि तिची बोटं कीबोर्डवर भराभर चालू लागली. भाऊ अगदी जवळ येऊन उभे होते. त्यांच्या शर्टाला चुलीच्या धुराचा वास होता.

"दोनशे चौदा," ती थोड्या वेळानं म्हणाली. "बरोबर?"

"बरोबर." त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "दोनशे चौदाच हायेत."

पेन ड्राइव्ह त्यांनी खिशात टाकला आणि वरून खिसा मुठीत धरून बसले.

नवीन विंडोज चढायला सुरुवात झाली. दुकानाबाहेर आठवडी बाजार भरत होता. कोणी कांद्यासाठी हुज्जत घालत होतं, कोणाची बकरी ओरडत होती. दोघांनी चहा घेतला.

"भाऊ, मुलचेऱ्यात दुकानं नाईत का?"

"हायेत तं. तीन हायेत."

"मंग इतक्या दूर काऊन आले?"

भाऊंनी चहाचा मोठा घोट घेतला. "चहा चांगला हाय," म्हणाले.

तिनं पुन्हा विचारलं नाही. गिऱ्हाईक मशीनसोबत काय काय घेऊन येतं, ते तिला सात वर्षांत कळलं होतं.

लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. रुबीनानं ईयरफोन काढून ठेवला.

"भाऊ, आता टक्के येतील. मोठ्यानं वाचत राहा. तुमचाही वेळ जाईल."

भाऊ शाळेतल्या पोरासारखे वाचू लागले. "बारा... चौदा... अडकलं काय, बाई? नाई नाई, सोळा."

एक्क्याऐंशीला लाईट गेली. पंखा मंदावत थांबला आणि टेबलाखालचा यूपीएस टीं टीं करू लागला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली होती. सगळा भार त्या जुन्या यूपीएसवर होता.

"आता बंद पडते! गेली माही सुगंधा!" भाऊ ओरडले.

रुबीना टेबलाखाली वाकली. बाकीच्या मशीनचे प्लग तिनं पटापट उपटले, लॅपटॉपचा तेवढा ठेवला. वर येऊन तिनं हात पुढं केला आणि भाऊंच्या मुठीवर ठेवला.

"फोटो इथी खिशात हायेत ना? मंग बसा. आणि वाचा."

"अठ्ठ्याऐंशी," भाऊ कसेबसे म्हणाले. "नव्वद... नव्वद... एक्क्याण्णव."

चौऱ्याण्णवला पंखा पुन्हा फिरू लागला. भाऊंनी सोडलेला श्वास तिच्या हातावर आला.

पासवर्ड त्यांनीच टाकला. रुबीनानं ईयरफोन घालून पुन्हा मोजलं. दोनशे चौदा. मग लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवून दिला.

"तुम्हीच एकेक उघडून पाहा."

मग बराच वेळ दुकानात फक्त बटणाचा टकटक आवाज होता. एकदा भाऊ हसले. "ही पाहा, इथी तं कशी..." म्हणता म्हणता थांबले आणि नाक ओढलं.

"माही घरवाली, सुगंधा," जरा वेळानं ते आपणहून सांगू लागले. "औषधानं तिचे केस गेले. भुवयासुद्धा. डोक्यावरचा पदर कोणासमोर काढे नाई, पोरासमोरबी नाई. पण रोज संध्याकाळी या लॅपटॉपसमोर बसे, पदर काढे आणि मले म्हणे, काढा फोटो, आज मी कशी दिसतो ते राहू द्या. दोनशे चौदा दिवस. शेवटी हात धरून म्हणाली, हे तुमचे. दुसऱ्या कोणाच्या नजरेले पडू देऊ नका."

रुबीनानं ईयरफोन गुंडाळून ठेवला.

"ते तीन दुकानवाले चांगले पोरं हायेत, बाई," भाऊ म्हणाले. "पण मी तिले शब्द देला होता. मंग परवा बसमध्ये एकानं तुमचं सांगतलं, आणि मी इथी आलो."

शेवटच्या बसची वेळ झाली होती. रुबीनानं शटर ओढून कुलूप लावलं.

"समोर हातगाडी उभी हाय, बाई. माह्या खांद्यावर हात ठेवा," लटारूभाऊ म्हणाले, आणि रुबीनानं एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवून दुसऱ्या हातानं आपली पांढरी काठी उघडली.