लिफाफ्यासकट

बाबांनी देहदानाचं संमतीपत्र स्वतःच संगणकावर भरून त्यावर डिजिटल सही केली होती. आज ते गेले, आणि रुग्णालयाच्या संगणकावर नेमकी तीच सही पडताळली जाईना. सहीसोबतचं सर्टिफिकेट वाचता येत नाही, एवढंच तो परत परत सांगत होता.

"ताई, सही खरी ठरली नाही तर आम्हाला देह ठेवून घेता येत नाही. तुम्हाला घरी न्यावा लागेल," खिडकीतला कारकून म्हणाला.

"हिलाच बघू द्या की," आई बाकावरून लेकीकडे बोट दाखवत म्हणाली. "ऑफिसात दिवसभर लोकांच्या असल्याच अडकलेल्या सह्या तर सोडवत बसते."

कारकुनाने कीबोर्ड लेकीकडे सरकवला. मन कुठेही असलं तरी टाळ धरलेल्या हातांचा ठेका चुकत नाही, तसे तिचे हात चालू लागले. चूक लगेच सापडली. सर्टिफिकेटचा मजकूर फॉर्ममध्ये चिकटवताना बाबांनी त्याच्या वरची 'सर्टिफिकेट सुरू' आणि खालची 'सर्टिफिकेट समाप्त' ही ओळही सोबत चिकटवली होती. यंत्राला नुसतं पत्र हवं होतं, बाबांनी लिफाफ्यासकट दिलं. जन्मभर तसेच, काही अर्धवट म्हणून द्यायचं नाही. त्या दोन ओळी पुसल्या की झालं.

तेवढ्यात आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "नाहीच जमलं, तर एकदा घरी येतील का गं ते?"

 

लेकीने फाइल बंद केली आणि कारकुनाला सांगितलं, "मलाही नाही वाचता येत हे."