पलंगाखालचा शिक्का

"शिक्का कुठी हाय, मास्तर?" पलंगाखाली घातलेली मान बाहेर काढत नाकेदार उत्तमसिंगनं विचारलं.

मधुसूदन मास्तर स्वतः बैलबंडीत चढले आणि पलंगाखाली वाकले. आतल्या पट्टीला त्यांनी लाकडाची एक चकती ठोकली होती. ज्या ओंडक्याचा पलंग केला त्याच्याच टोकाचा तो तुकडा. त्यावर सरकारी हातोड्याचा शिक्का होता, नंबर होता. आता तिथे खिळ्यांची दोन भोकं होती. चकती नव्हती.

यवतमाळ जिल्ह्यात साग काही थोडाथोडका नाही, पण शिक्क्याशिवायचा साग म्हणजे चोरीचा साग, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन वर्षांपूर्वी जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. जंगलखात्याच्या नाक्यावरचा बांबू मात्र होता तिथेच आडवा राहिला.

"लिलावातला माल आहे, उत्तमसिंग. ही पावती पाहा."

"पावतीवर नंबर हाय. तो नंबर कोन्त्या लाकडावर हाय ते दाखवा. नाही तं ही पावती कोन्त्याबी लाकडाची व्हते." उत्तमसिंग वाईट माणूस नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "तुमचं तोंड पाहून सोडलं तं उद्या माही नोकरी जाईन."

मागच्या बंडीत हळदीच्या अंगानं मास्तरांची लेक कुंदा बसली होती. शेजारी तिची आई, सुमेधाबाई, देवाचं नाव घेत होत्या. लग्न नवऱ्या मुलाच्या गावी, गोरज मुहूर्तावर. मुलगा बिजवर. पहिली बायको वर्षापूर्वी वारली होती. त्याचा मामा पलंग ताब्यात घ्यायला मास्तरांच्या गावापासून, महागावपासून, बरोबर आला होता. तो बंडीवरून उतरलाही नाही.

"इवाई, मूर्त टळून राह्यला," मामा व्याह्यांवर ओरडला. "अन् बोलणं आठवते ना? आधी पलंग दारात, मंग नवरी मांडवात."

बोलणं मास्तरांना आठवत होतं. दुसरं काही आठवत नव्हतं, असे चार महिने गेले होते. सुताराची मजुरी झेपण्यासारखी नव्हती, म्हणून करवत, रंधा, पटाशी, सगळं मागून आणलं होतं. शाळा सुटली की ते अंगणात लाकडाशी झटत. करवतीचं दुसरं टोक कुंदा धरी. पहिले दोन पाय बोटभर आखूड झाले, ते चुलीत गेले. मास्तरांच्या अंगठ्याचं नख गेलं. गावानं थट्टा केली, मास्तर आता पोरांना गणिताऐवजी रंधा शिकवणार म्हणून. मास्तरांनी हसून घेतलं. कुंदाला सव्विसावं लागलं होतं. सात ठिकाणांहून नकार आले होते. हे आठवं स्थळ गेलं तर नववं कुठून आणायचं?

"मी पाया पडतो तुमच्या," मास्तर म्हणाले आणि खरोखरच वाकले. आयुष्यभर ताठ मानेनं फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस भर रस्त्यात नाकेदारापुढे वाकला. उत्तमसिंग दचकून मागे सरकला.

"असं नका करू, मास्तर. शोधा. सामानात असन कुठी."

मास्तर मागच्या बंडीकडे धावले. बोचकी सोडली, पत्रावळीचे गठ्ठे उलटेपालटे केले, तांदळाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. सुमेधाबाई रडायलाच लागल्या. त्यांनी कुंदाकडे पाहिलं तेव्हा तिनं पदराची घडी जरा बाजूला केली. चकती तिच्या मांडीवर होती.

"कुंदे!" मास्तर पुटपुटले.

"मीच काढली. काल, तुम्ही आंघोळीले गेलते तेव्हा." तिनं चकती त्यांच्या हातात दिली. "घ्या. दाखवायची असन तं दाखवा, मी काही म्हणणार नाही. पण बाबा, पलंग पाहाले ते लोक दोनदा आले, मले पाहाले एकदाच. पहिलीनं पलंग आणला नाही म्हणून ती ओसरीवर निजे, थंडीत निजे, तिथंच तापानं गेली, हे त्यांची माय आपल्या अंगणात हसून सांगत होती. तुम्ही ऐकलं नाही?"

मास्तरांनी ऐकलं होतं. ऐकलं आणि रंधा जोरात चालवला होता. आपली पोर तरी पलंगावर निजेल, अशी मनाची समजूत घातली होती. चार महिने ते जिवाच्या आकांतानं कशासाठी झटत होते, ते आता त्यांना कळलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

"इवाई, सापडलं का?" मामाची हाक आली.

इथूनच परत फिरलो तर जन्मभर बोल कुंदाला लागणार, हे मास्तर जाणून होते. पोरीतच खोट असेल, म्हणतील. बाप चोर निघाला म्हणून मोडलं, तर बोल बापाला लागेल. खटला होईल. मास्तरकी जाईल.

मास्तरांनी चकती पुन्हा तिच्या मांडीवर ठेवली आणि पदरानं नीट झाकली. मग ते नाक्यापाशी गेले आणि मामाला ऐकू जाईल अशा, वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"लिहून घ्या, उत्तमसिंग. हा साग मी चोरलाय."