मागच्या सीटवर

गॅरेजात बर्फावर चालणारी स्नोमोबाईल कुशीवर आडवी पडली होती. तिचा रबरी ट्रॅक, चाकांऐवजी फिरणारा रुंद पट्टा, काढून भिंतीशी ठेवला होता. त्यातून टोकदार खिळे वर डोकावत होते.

"गोठलेल्या तळ्यावर पकड हवी म्हणून खिळे ठोकलेस, ठीक," शिकुतिमी शहराहून आलेला रेजिस ट्रॅकच्या रिकाम्या पोकळीत डोकं घालून आईशी बोलत होता. "पण आत पोलादी पट्ट्या नकोत का बसवायला? खिळे या पोकळीच्या छताला घासले की पत्रा फाटतो. इंजिन गार ठेवणारं पाणी तिथूनच फिरतं, आई. ऐन तळ्यात गाडी बंद पडली असती म्हणजे?"

"म्हणून तर तुला बोलावलं," मार्सेलिन म्हणाली. साठी ओलांडलेली, चणीनं अगदी बारीक. उपड्या बादलीवर बसून ती पलीकडून पत्र्याला हात देत होती.

"तळ्यावर नेलीस का गाडी?"

"एकदा. फार तर दोनदा."

रेजिसची टॉर्च आत फिरता फिरता थांबली. छताच्या पत्र्यावर लांबच लांब, चकचकीत ओरखडे होते. त्यानं त्यांवरून बोट फिरवलं.

"आई."

"काय रे?"

"तू एकटी बसलीस तर ही गाडी बोटभरही दबत नाही. खिळे इथवर पोचणारच नाहीत. मागे कोण बसतं?"

पलीकडे बादली करकरली. मध्ये पत्रा होता. कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

"एदगार," ती शेवटी म्हणाली. "समोरच्या काठावरचा. ब्लूबेरीवाला."

"ताबर्नाक! तो? तो तर रेड्याएवढा आहे!"

"शिव्या नकोत. आणि रेडा नाही म्हणायचं."

"कधीपासून?"

"तळं गोठल्यापासून." तिचा आवाज बारीक झाला. "सांगणार होते तुला. दर रविवारी फोन उचलताना ठरवायचे. मग तुझे बाबा आठवायचे आणि जीभच वळायची नाही. रागावलास?"

बाबा वारल्यानंतरचे दोन हिवाळे आई फोनवर फक्त हवामान सांगायची. बर्फ किती पडला, वारा कुठून आला. या हिवाळ्यात तिनं हवामानाचा विषयच काढला नव्हता. हे रेजिसच्या आत्ता लक्षात आलं.

"चालवतं कोण?" त्यानं विचारलं.

"मी. तो मागे बसून गातो."

"बरा गातो?"

"भयंकर."

रेजिसला हसू फुटलं. त्या पोकळीत ते चांगलंच घुमलं.

"ती पट्टी ठेव खाली. तिच्याहून उंच आहे ना, ती दे. दोघांच्या वजनाच्या हिशेबानं बसवतो."

मार्सेलिननं हातमोज्याला नाक पुसलं आणि पट्टी पुढे केली. एकामागून एक रिव्हेट बसत गेले.

दुपारी ट्रॅक परत चढला. "बस मागे," हेल्मेट घालत ती म्हणाली. "तपासायला वजन नको का?"

"मला रेडा म्हणतेस?"

"बस म्हटलं ना!"

गाडी तळ्यावर उतरली आणि सुसाट निघाली. कुठे घासल्याचा आवाज नाही. बघता बघता पलीकडचा काठ जवळ आला. लाकडी धक्क्यावर एक धिप्पाड माणूस हात हलवत उभा होता. मागे कोण बसलंय ते दिसताच त्याचा हात हवेतच थांबला. मग त्या कडाक्याच्या थंडीत त्यानं टोपी काढली आणि तो घाईघाईनं केस सारखे करायला लागला.