तू येऊ शकला असतास

मासा पोहू शकतो.

मी खिडकी उघडू का?

संध्याकाळी बर्फ पडेल, कदाचित पडणारही नाही.

आजी नव्वदीतही सुईत दोरा ओवू शकायची.

तू येऊ शकला असतास.

पहिली चार वाक्यं नोन्ना विक्तोरोव्नांनी फळ्यावर इंग्रजीत लिहिली होती. गोल अक्षरांत, एकाखाली एक. पाचवं येफीम सावेल्यिचनं उठून, कुणाला न विचारता लिहिलं. खडू मोडला.

"हे आपण पुढच्या महिन्यात घेणार आहोत," नोन्नाबाई म्हणाल्या.

"मला उद्या लागणार आहे."

रशियातल्या किनेश्मा गावाच्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी हा इंग्रजीचा वर्ग भरायचा. सात विद्यार्थी. येफीम त्यात सगळ्यांत थोरला, एकाहत्तरचा. उभी हयात व्होल्गावरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. नोव्हेंबरपासून त्यानं एकही शनिवार चुकवला नव्हता. घरचा अभ्यास मात्र एकदाही केला नव्हता. त्याला एकच वाक्य हवं होतं.

"फीमाकाका, कोण आलं नाही तुमच्याकडे?" हॉटेलच्या काउंटरवर काम करणारी रिम्मा म्हणाली. "प्रेयसी की काय?"

"जावई," येफीम म्हणाला. "फर्गस. परदेशातला."

मग तो सांगत सुटला. बायको गेली, तिच्या वर्षभराच्या स्मरणाचं जेवण घातलं, जावयाला रीतसर पत्र घालून बोलावलं. लेक तोन्या एकटीच आली. नवऱ्याला काम आहे म्हणे. टेबलाशी एक खुर्ची रिकामी, आणि सगळी गल्ली त्या खुर्चीकडे बघतेय. बापलेकीचं तिथंच वाजलं. अकरा वर्षं झाली. नात नऊ वर्षांची आहे, आयला. ती फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेली.

"उद्या दुपारी फोन आहे. पहिल्यांदाच तो समोर येणार. तोन्या म्हणते, पापा, नीट बोललात तर जूनमध्ये आयलाला घेऊन येतो. वाकडं बोललात तर पुन्हा फोन नाही."

"आणि तुम्ही हे बोलणार?" नोन्नाबाईंनी फळ्यावरच्या पाचव्या ओळीवर पट्टी ठेवली. "इंग्रजीत हे थोबाडीत मारल्यासारखं लागतं."

"मग बरोबर आहे. नेम चुकला नाही म्हणायचा."

बाईंनी विषय बदलला. म्हणाल्या, आपल्या रशियनमध्ये जमतं, चालतं, शक्य आहे, सगळ्याला एकच शब्द पुरतो, म्हणून आपण इंग्रजीत घसरतो. कुणी नुकतं घसरलंय का?

रिम्मानं हात वर केला. "गेल्या आठवड्यात एक परदेशी म्हातारा उतरला होता. गुडघे धरून जिना चढत होता बिचारा. मी म्हटलं, नाश्त्याला खाली नाही आलात तरी चालेल. तर त्यानं असं तोंड पाडलं! दोन दिवस खोलीबाहेर आला नाही."

"नेमकं काय म्हणालीस?"

"यू मे नॉट कम डाउन."

नोन्नाबाईंनी डोळे मिटले. "रिम्मा, आपण रशियनमध्ये म्हणतो 'तुम्ही न येऊ शकता', म्हणजे नाही आलात तरी चालेल. ते तू शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलंस. तिकडे त्याचा अर्थ होतो, खबरदार, खाली यायचं नाही!"

वर्ग खो-खो हसला. येफीम सगळ्यांत जास्त. त्याला ठसका लागला, शेजारच्याला त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या.

"उपाशी मारलास की गं पाहुणा!"

वर्ग सुटल्यावर बाईंनी त्याला दारात गाठलं. हातात चिठ्ठी कोंबली. "तीनच शब्द आहेत. यू कॅन कम. या, दार उघडं आहे. एवढंच म्हणा. जूनमध्ये नात तुमच्या अंगणात असेल."

"मी का वाकू, नोन्ना विक्तोरोव्ना? न येणारा तो. दार माझं."

"वाकायचं कुठे आहे? नुसतं उघडायचं आहे."

चिठ्ठी त्यानं परत त्यांच्याच कोटाच्या खिशात टाकली.

रविवारी त्यानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडी, भाजून त्यांची चळत टेबलावर मांडली. बाराला फोन वाजला. पडद्यावर आधी आयलाच आली, समोरचे दोन दात नसलेली.

"देदा, तू खरंच अख्खी बोट उघडून पुन्हा जोडायचास?"

"डोळे मिटून!" येफीम म्हणाला. त्यानं कॉलर सरळ केली. "बापाला दे."

तांबड्या दाढीचा माणूस पडद्यावर आला. येफीम खुर्चीतून उठून उभा राहिला.

"यू कुड हॅव कम," तो म्हणाला. एकही अक्षर अडलं नाही.

फर्गसचा चेहरा उतरला. मागे तोन्या "पापा!" म्हणून ओरडली. फर्गसनं तिला हातानं थांबवलं. तोही कुठल्याशा वर्गाला जात असावा, कारण तो रशियनमधून बोलला, एकेक शब्द चाचपत.

"मला... यायचं... नव्हतं."

"ऐकलंस तोन्या? तोंडावर सांगतोय! यायचंच नव्हतं म्हणे साहेबांना!"

"नाही, नाही, मला यायचं—"

येफीमनं फोन बंद केला. तो लगेच पुन्हा वाजला. येफीमनं तो टेबलावर पालथा घातला आणि ताठ बसून ब्लिनी खायला घेतल्या, एकेक करून, सगळ्या. दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मग थांबला.

अकरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत येफीमनं जावयाला पत्र लिहिलं होतं ते इंग्रजीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन, कुणाची मदत न घेता. आणि रस्ता लांबचा, थंडी कडक, पोराची ओढाताण नको, म्हणून पाकीट चिकटवण्याआधी त्यात मायेनं आणखी एक ओळ घातली होती: यू मे नॉट कम.